त्या काकांची चूक

प्रिय बाबा,

त्या दिवशी माझं सगळं सांगून झाल्यावर तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, की मग त्यात त्या माणसाची चूक काय झाली. मी म्हणाले, म्हणजे काय बाबा, त्यांनी मला आत सोडलं ना. तुम्ही बरं म्हणालात, जेवलीस का विचारलंत आणि फोन आईच्या हातात दिलात. तेव्हापासून तो प्रश्न माझी पाठ सोडत नाही. वर्गात, बसमध्ये, खोलीवर कपडे वाळत घालताना, कुठेही येऊन उभा राहतो. आणि खरं सांगायचं तर त्याचं उत्तर मला अजूनही येत नाही. इतकी वर्षं ज्या विषयाचा अभ्यास केला त्यातलाच हा प्रश्न आहे, म्हणजे मला यायला हवं. पण येत नाही.

पत्र बघून आधी दचकाल, मग घाबराल, म्हणून सांगते, मी ठणठणीत आहे. हल्ली पत्र कुणी लिहीत नाही हे मलाही माहीत आहे. पण फोनवर तुम्ही ‘जेवलीस का’च्या पुढे सरकत नाही, आणि मेसेजची वाट तर मीच बंद करून ठेवली आहे. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी तुम्हा सगळ्यांना समोर बसवून शिकवलं होतं, मेसेजमधल्या अनोळखी लिंकवर बोट ठेवायचं नाही, कुणीही घाई करायला लागलं की समजायचं काहीतरी काळंबेरं आहे. आई आणि धाकटा जांभया देत होते. तुम्ही मात्र ते इतकं मनावर घेतलंत की आता माझे फोटोसुद्धा उघडत नाही. विचारलं तर म्हणता, तूच पाठवलेत कशावरून. माझा पहिला आणि सगळ्यात हुशार विद्यार्थी म्हणजे तुम्ही. म्हणून हा कागद. अक्षर तरी ओळखाल.

मी सायबर सिक्युरिटी घेतली तेव्हा घरात काय गोंधळ उडाला होता. आत्यानं ‘सिक्युरिटी’ एवढाच शब्द ऐकला आणि कपाळाला हात लावला, बाप जन्मभर गेटवर उभा राहिला, आता पोरगी पण तेच करणार, मग कॉलेज कशाला, शिट्टी घेऊन द्या. शेजारच्या काकूंनी युनिफॉर्म कसला असतो ते विचारलं, रंग बरा असेल तर ठीक आहे म्हणाल्या. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, अगं ती संगणकाची राखण करणार, संगणकाला पण चोर असतात. एवढ्या कमी शब्दांत माझा विषय मला अजून एकाही प्राध्यापकानं सांगितलेला नाही. आमच्या घरातून विद्यापीठाची पायरी चढणारी मी पहिली, त्यामुळे मला सगळंच फार थोर वाटायचं. लोकांच्या आजारांची, पत्त्यांची, खासगी बोलण्याची राखण करायची, आणि ज्यांना स्वतःला करता येत नाही त्यांची आधी करायची, असं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. मैत्रिणी हसायच्या. त्यांचा दोष नव्हता, त्यांच्या घरी इंजिनिअर ढिगानं होते.

पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं होतं की कुठल्याही व्यवस्थेतली सगळ्यात कच्ची कडी म्हणजे माणूस. कुलूप कितीही भारी असो, किल्ली माणसाच्या हातात असते आणि माणूस भुलतो, दमतो, भितो, दया करतो. आम्ही सगळ्यांनी ते उतरवून घेतलं आणि मी खाली लाल रेघ ओढली. परीक्षेत ते दरवर्षी येतं. दरवर्षी मला त्यात पैकीच्या पैकी मिळाले.

शेवटच्या वर्षी इंटर्नशिपला लागले ती कंपनी तुम्हाला माहीत आहे, स्टेशनरीच्या दुकानाच्या वर, जिना अरुंद, वर मोजकीच टेबलं आणि भिंतीला ओल. पण कामात पक्की माणसं आहेत. लोक आम्हाला बोलावतात आणि सांगतात, आमच्याकडे चोरी करून दाखवा, म्हणजे खरा चोर यायच्या आधी आम्हाला भोक कळेल. आमच्या मॅडम हे काम फार वर्षं करत आहेत. बोलायला तुटक, पण मी उपाशी आहे हे त्यांना माझ्या आधी कळतं. त्यांच्याखाली एक सीनियर आहे, त्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण तो दुसऱ्याच्या चुका लाल शाईनं काढतो. इंटर्नशिप संपताना एकाच मुलाला किंवा मुलीला कायम करणार होते. माझ्याबरोबरच्या बाकीच्यांचे वडील, काका, कुणीतरी कुठेतरी शब्द टाकू शकतं. मला ही जागा हवी होती, बाबा. फार हवी होती.

त्यातच ते काम आलं. एक मोठी तपासणी-प्रयोगशाळा आहे, तिच्या मुख्य ऑफिसात लाखो लोकांच्या रक्ताच्या तपासण्यांची माहिती ठेवलेली असते. कुणाला काय झालंय, कुणाला काय होणार आहे, सगळं. त्यांचे संगणक आम्ही बाहेरून ठोठावून पाहिले, एकही दार उघडलं नाही. मग मॅडम म्हणाल्या, आता पायांनी जाऊन बघू. म्हणजे आमच्यातल्या कुणीतरी गेटमधून आत जायचं, सर्व्हरच्या खोलीपर्यंत पोचायचं, तिथे आमचा पिवळा स्टिकर चिकटवायचा आणि फोटो काढून परत यायचं. त्या ऑफिसातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याशिवाय हे कुणाला माहीत नसतं. खिशात परवानगीचा कागद असतो, पकडले गेलो तर दाखवायला. मास्तर आधी जाऊन आला होता, सूट घालून, मोठा साहेब असल्यासारखा. गेटवरच्या काकांनी त्याला नम्रपणे बाकावर बसवलं आणि बसवूनच ठेवलं. मी म्हणाले, मी जाऊ का.

मला काय करायचं ते आधीच माहीत होतं. ते मला कॉलेजनं शिकवलं नव्हतं. जेवताना तुम्ही आम्हाला गेटच्या गोष्टी सांगायचात, त्यातच मी वाढले. तुम्ही म्हणायचात, खोटं बोलणारा माणूस फार गोड बोलतो आणि नावांच्या पाटीकडे बघत बोलतो, आणि जो खरा आतला असतो तो आल्या आल्या लिफ्टला शिव्या घालतो. तुम्ही म्हणायचात, सुटीचा माणूस, म्हणजे पाळी बदलायला येणारा, वेळेवर आला नाही की पोटात कावळे ओरडतात आणि मग गेटवरच्या माणसाला वाद नको असतो. दोन्ही हातात ओझं असलेल्या बाईला कार्ड काढायला सांगणं कसं जिवावर येतं, तेही तुम्हीच सांगितलं होतं. मी ते सगळं वापरलं. एकूण एक.

छपाईच्या कागदांचं खोकं दोन्ही हातांत, वर एक फाइल हनुवटीखाली दाबलेली. सुटीचा माणूस आलेला नव्हता हे मी समोरच्या थांब्यावर उभी राहून पाहून ठेवलं होतं. गेटवरचे काका तुमच्यापेक्षा थोडे मोठे असतील. मी त्यांच्याकडे न बघताच म्हणाले, ती लिफ्ट आज तरी चालू आहे का हो काका, की परत जिन्यानं मरायचंय. ते हसले. मग कार्ड विचारलं. मी म्हणाले, नवीन लागलेय, कार्ड व्हायचंय अजून, पहिलाच आठवडा आहे, वरच्या बाई आधीच डोळे वटारून बसल्यात. त्यांनी इंटरकॉम उचलला, कानाला लावला, दोनदा आपटला आणि ठेवून दिला. म्हणाले, हे मेलेलंच आहे, सांगून सांगून थकलो. मग म्हणाले, परवा एका साहेबांना थांबवलं तर माझ्या नावानं ओरडून गेले, आज तुला थांबवलं तर तू रडशील, माझं काय दोन्हीकडून मरण. आणि उठून त्यांनी स्वतः दार धरलं, खोकं हातातून घेतलं, लिफ्टपर्यंत आणून दिलं, बटण दाबलं. वरती कुणीच मला काही विचारलं नाही. स्टिकर लावला, फोटो काढला, खाली आले. काकांनी विचारलं, काय, ओरडल्या का बाई. मी म्हणाले, नाही ओरडल्या. ते म्हणाले, बघ, उगाच घाबरतेस.

ऑफिसात टाळ्या वाजल्या. मॅडमनी पाठीवर हात ठेवला, त्या तो कुणाच्या ठेवत नाहीत. मास्तरनं मला त्याची खुर्ची दिली. मी जिन्यात उभी राहून तुम्हाला फोन केला, लिफ्टला शिव्या घातल्याचं तर रंगवून सांगितलं, म्हटलं बाबा, हे तुमचंच, तुम्हीच मला आत पोचवलंत. आणि तुम्ही तो प्रश्न विचारलात.

अहवालाचा पहिला खर्डा मास्तरनं केला होता. त्यात वाक्य होतं की कामावरच्या रखवालदारानं निष्काळजीपणे, ओळखपत्र न पाहता, अनोळखी व्यक्तीस प्रवेश दिला. पुढे काकांचं नाव घालायची जागा होती. खाली मी सही करायची, कारण आत मी गेले होते. वॉचमन ठेकेदाराचे असतात. असं नाव लेखी गेलं की ठेकेदार दुसऱ्या दिवशी माणूस बदलतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी म्हणाले, निष्काळजीपणे हा शब्द खोटा आहे. मास्तर म्हणाला, कार्ड बघितलं का त्यांनी, नाही ना, मग झालं. मी म्हणाले, त्यांनी काळजी केली म्हणूनच तर मी आत गेले. तो म्हणाला, बाईसाहेब, आपण तपासणी करतो, समाजसेवा नाही. सगळे हसले, मीही हसले, पण सही केली नाही.

मॅडमनी मला आत बोलावलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी उलट शांतपणे विचारलं, उद्या तुझ्या जागी खरी चोरटी आली, माणसांचे आजार बाजारात विकले गेले, एखाद्या पोरीचं लग्न मोडलं, कुणाची नोकरी गेली, तर त्या लोकांना काय सांगशील, की वॉचमन स्वभावानं चांगला होता? त्यांचं बरोबर होतं. काकांनी दार उघडायला नको होतं. पण मला हेही दिसत होतं की न उघडण्यासाठी त्यांच्या हातात काहीच नव्हतं. मी म्हणाले, मला एक दिवस द्या. मी त्या अधिकाऱ्याला मेल करून विचारलं, नव्या माणसांची यादी गेटवर कोण देतं. उत्तर आलं, कुणीच देत नाही. इंटरकॉम कधीपासून बंद आहे, तर कुणाला आठवत नव्हतं. मग मी अहवाल नव्यानं लिहिला. गेटवरच्या माणसाला खातरजमा करायचं एकही साधन दिलेलं नाही, योग्य तेच केलं तर त्याला ओरडा बसतो, आणि गेटच्या आत आल्यावर अख्ख्या मजल्यावर मला कुणी नाव विचारलं नाही, हे सगळं क्रमानं लिहिलं. नाव लिहिलं नाही. शेवटी माणुसकीवर एक मोठा परिच्छेदही लिहिला. मॅडमनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, भाषण काढ, बाकी ठेव. आणि म्हणाल्या, प्रयोगशाळेनं नावच मागितलं आणि आपण दिलं नाही तर पुढचं काम देणार नाहीत, मग तुझी जागाही नाही, कळतंय ना? मी म्हणाले, कळतंय. माझ्या सहीनं तो अहवाल गेला.

नाव त्यांनी मागितलं. मॅडमनी दिलं नाही. म्हणाल्या, आम्ही भोक दाखवतो, त्यात बोट कुणाचं होतं ते नाही. मग बरेच दिवस काहीच कळलं नाही. मी रोज जायचे, मास्तर रोज विचारायचा, काय समाजसेविका, आज कुणाला वाचवलं. आणि मग एका सकाळी मॅडम आल्या आणि पर्स ठेवायच्या आधीच म्हणाल्या, इंटरकॉम दुरुस्त झालाय, गेटवर यादी लागलीये, आणि तुझे काका तिथेच आहेत.

मी त्यांना भेटायला गेले, मॅडमना सांगून. मी खरी कोण ते सांगितलं. मला वाटलं होतं ते मोठ्या मनानं हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, म्हणजे तू तोंडावर खोटं बोललीस. मी हो म्हणाले. मग म्हणाले, कार्ड दाखव. मी आमच्या कंपनीचं कार्ड काढून दिलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत फोटोकडे. मी सांगितलं की तुमचं नाव कुठेही दिलेलं नाही आणि देणार नाही. ते म्हणाले, ते ठीक आहे, पण आता खरंच एखादी पोर पहिल्या दिवशी अशी ओझं घेऊन आली तर तिला मी उन्हात उभी करणार, तिला काय सांगू, तुझ्यामुळे उभी आहे म्हणून? मग कार्ड परत देत म्हणाले, ऊन आहे, इकडे सावलीत उभी राहा. पण गेटच्या आत मात्र घेतलं नाही. त्यांच्या केबिनच्या छपराखाली उभं केलं.

आता जे लिहायचं ते मी शेवटापर्यंत राखून ठेवलं होतं. तुमच्या त्या फोननंतर दुसऱ्या दिवशी आईनं मला दुकानातून फोन केला, तुमच्या माघारी. म्हणाली, तुझ्या बाबांना रात्रभर झोप नाही, तू असलं काही त्यांना परत सांगू नकोस. मी खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. की तुम्ही त्या इमारतीच्या गेटवरची नोकरी गुडघ्यांमुळे सोडली नव्हती. एक बाई आली होती, हातात औषधांची पिशवी, चौथ्या मजल्यावरच्या आजीची भाची म्हणाली. आजी खरंच आजारी होत्या, आदल्या दिवशी डॉक्टरकडे जाताना तुम्हीच त्यांना उचलून गाडीत ठेवलं होतं आणि परत आल्यावर उतरवलं होतं. तुम्ही तिला लिफ्टपर्यंत सोडलंत. संध्याकाळी शेजारचं घर फोडलेलं निघालं. मग सगळ्यांसमोर तुम्हाला उभं करून विचारलं, आणि ज्यांच्या पोरांना तुम्ही शाळेच्या गाडीतून उतरवून घ्यायचात त्यांच्यातलं कुणी काही बोललं नाही. माझी परीक्षा होती म्हणून मला सांगायचं नाही असं ठरलं. तुम्ही रोपवाटिकेत लागलात आणि आम्हाला म्हणालात, रोपांना कुठून आलात विचारावं लागत नाही. आम्ही हसलो. आणि मी प्रत्येक सुट्टीत तुमच्या गुडघ्यांना तेल चोळत बसायचे, आणि तुम्ही मुकाट चोळून घ्यायचात, मध्येच आठवल्यासारखं कण्हायचात. आईला काही बोलू नका. ती अजून म्हणते, तेलानं निदान कातडी तरी मऊ झाली.

हे पत्र मी दोन गोष्टींसाठी लिहिलं, बाबा. एक म्हणजे, मी जे केलं ते त्या बाईनं केलं होतं तेच. तिनं दागिने नेले आणि मी फोटो, पण गेटवर उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त ओझं घेऊन आलेली एक बाई दिसते. ती तुमच्याकडे परत कधी येणार नाही आणि कुणी तुम्हाला सांगणार नाही, म्हणून तिच्या जागी मी सांगते, की ती तयारी करून आली होती. तुमच्या चांगुलपणाचा अभ्यास करून आली होती, जसा मी केला. तुमची चूक होती का, याचं उत्तर मी शोधतेच आहे, पण तुम्ही एकटेच ते शोधत बसला असाल तर आता दोघं शोधू. दुसरी गोष्ट, त्या प्रयोगशाळेनं आम्हाला त्यांच्या सगळ्या शाखांचं काम दिलं आहे, आणि सांगितलंय की गेटची परीक्षा त्याच मुलीकडून घ्या. मॅडमनी मला कायम केलं, पण याच कामासाठी. म्हणजे यापुढे मी पगार घेऊन त्या बाईचं काम करणार. मी बरेच दिवस विचार केला. कुणीतरी खऱ्या चोरांच्या आधी जायलाच हवं, आणि जाणाऱ्याला निदान गेटवरच्या माणसाची भूक कळलेली असावी. मी दोन अटी घातल्या. कुठल्याही अहवालात गेटवरच्या माणसाचं नाव जाणार नाही, आणि प्रत्येक ठिकाणी काम झाल्यावर मी स्वतः परत जाऊन त्या माणसाला सांगणार, मग तो रागावू दे, कार्ड मागू दे, उन्हात उभं करू दे. मास्तर म्हणाला, फार फिरावं लागेल. मॅडमनी दोन्ही अटी करारात लिहून घेतल्या. तुम्हाला आधी विचारावं असं सारखं वाटत होतं, पण मग तुम्ही माझ्यासाठी हो म्हणाला असता आणि ते खरं आहे की नाही हे मला कधीच कळलं नसतं. म्हणून विचारलं नाही. सही मी आज सकाळी केली.

तुमचीच,
थोरली